क्रांजीच्या काठावर, उजव्या हाताने

अण्णा, मी सिंगापुरात मासे धरते असं तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही आधी विचारलं असतं, "कुणाच्या पान्यात?" आपल्याकडे धरणाच्या फुगवट्याचं पाणी वाटलेलं होतं, ठेका कुणाचा, जाळं कुणी कुठपर्यंत लावायचं, यावरून डोकी फुटायची. इथलं पाणी सरकारचं आहे. काठावर पाटी असते, गळ कुठून कुठपर्यंत टाकायचा ते लिहिलेली. गांडूळ नाही, कणीक नाही, जिवंत काही लावायचंच नाही. गळाला फक्त प्लास्टिकचा खोटा मासा. हे ऐकून तुम्ही नक्की हसला असता. तलावाचं नाव क्रांजी. अलीकडे गोडं पाणी, मध्ये बांध, बांधावरून रस्ता, बांधापलीकडे खारी खाडी आणि खाडीपलीकडे दुसरा देश. काठावर उभं राहिलं की मलेशियातल्या इमारती दिसतात. कधीकधी माझ्या फोनला तिकडची रेंज लागते आणि मलेशियात आपलं स्वागत आहे असा मेसेज येतो. मी मात्र गोड्या पाण्याच्या काठावर, गुडघाभर गवतात उभी असते.

मी इथे कशी येऊन उभी राहिले ते सांगते. या देशाच्या स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, जिकडेतिकडे झेंडे लागले होते तेव्हा, आम्ही तिघं पुलाउ उबीन नावाच्या बेटावर सायकली चालवायला गेलो होतो. मी, नवरा आणि लेक. एका उतारावर खडीवरून माझं चाक घसरलं आणि मी उजव्या खांद्यावर पडले. हाड मोडलं, ऑपरेशन झालं, प्लेट बसवली. हाड छान जुळलं असं डॉक्टर म्हणाले. पण हात डोक्याच्या वर जाईना. कपाळापर्यंत यायचा आणि तिथे अडायचा, जणू आतून कुणी दार लावून घेतलंय. वेणी नवरा घालून द्यायचा, इतकी वाकडी की लेक म्हणायची, "आई, सो अग्ली लाह!" आणि पुन्हा सोडून स्वतः घालायची.

माझं काम जुरोंग आयलंडवर, रिफायनरीत. तिथले उंच टॉवर शिड्या चढून तपासायचे. सरळ उभ्या शिड्या, दोन्ही हातांनी डोक्यावरची पायरी धरल्याशिवाय चढता येत नाही. कंपनीच्या डॉक्टरनं मला शिडी बंद केली. माझा साहेब चांगला माणूस होता. तो म्हणाला, "वर्षअखेरपर्यंत ऑफिसात बस, इतरांचे रिपोर्ट तपास. मग बघू." त्या "मग बघू"चा अर्थ मला कळत होता. मला घेतलं होतं ते साइटवरच्या कामासाठी, आणि इथे राहून काम करायचा माझा पास वाढायचा तर त्याच कामावर वाढणार होता. नवरा पुण्यातली नोकरी सोडून माझ्या पासवर इथे आला होता आणि अजून काम शोधत होता. लेकीला इथली शाळा नुकती कुठे मानवली होती. मी साहेबाला म्हटलं, "वर्षअखेरीला माझी पुन्हा तपासणी घ्या. मी शिडी चढेन." बोलून गेले, आणि कंपनीच्या बसमध्ये वरची दांडी धरायला उजवा हात उचलून पाहिला, तर तो कपाळाशीच अडला.

त्या बसमध्ये मला तुमची आठवण झाली. तोवर कितीतरी वर्षं तशी झाली नव्हती.

मी आठवीत आहे. तुमच्या उजव्या अंगावरून वारं गेलंय. पाय थोडा ओढत तुम्ही चालू लागलाय, पण हात लोंबतोय. दारात काका बसलेत आणि म्हणतायत, "दादा, तू आता काट्यावर बस. मासं तोल. होडीत आमी हाय न्हवं." काका वाईट नव्हते, प्रेमानंच बोलत होते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी तुम्ही फेकजाळं खांद्यावर टाकून काठावर गेलात. डाव्या हातानं जाळं पेललं, एक कड दातात धरली आणि अंगाला झोका देऊन फेकलं. ओली गोधडी पडावी तसं ते गोळा होऊन तुमच्या पायाशीच पडलं. पुन्हा ओढलंत, पुन्हा फेकलंत. जाळ्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या लागून ओठ फुटला. काठावर भांडी घासायला आलेल्या बायका बघायला लागल्या आणि मग मुद्दाम बघेनाशा झाल्या.

मला ते सोसवेना. एके दिवशी मी धावत गेले आणि चिखलातलं जाळं गोळा करायला लागले. तुम्ही माझ्यावर असे ओरडलात की मी दचकून मागे बसले. "हात लावू नगंस! माझं जाळं मी गोळा करीन. तू साळंत जा." तुमचं बोलणंही तेव्हा जड झालं होतं, पण प्रत्येक शब्द मला ऐकू आला. मी रडत घरी आले. आई चुलीपुढे चिलापी तळत होती. मला वाटलं जवळ घेईल. तिनं मासा उलटला आणि म्हणाली, "रोज थोडं थोडं उघडतंय त्ये जाळं. मी हितनं बघती की. तू नुसती त्यांच्या हाताकडं बघतीस." मग मीही जाळ्याकडे बघायला लागले. ऊन तापायला लागलं त्या दिवसांत एका सकाळी ते उघडलं. पूर्ण गोल नाही. भाकरी थापताना एका बाजूला ओढली जाते ना, तसं लांबट. पण उघडलं, पाण्यावर पसरून पडलं, आणि तुम्ही मागे वळून घराकडे पाहिलंत. माझ्याकडे पाहिलंत की आईकडे, ते मला कळलं नाही.

तर, हॉस्पिटलात माझ्या खांद्याचे व्यायाम घेणारी जी मुलगी होती ती मूळची तमिळ, इथेच वाढलेली. दाराला दोरी बांधून हात वर ओढायचा व्यायाम तिनं दिला होता. मी तो करायचे, आणि दुखलं की सोडायचे. ती एकदा वैतागून म्हणाली, "तुम्ही घरी करत नाही, मला कळतं. असं काही शोधा की जे करताना हाताची आठवण राहणार नाही." मी तिला तुमचं सांगितलं. ती हसली. "जाळं इथे चालत नाही. पण रॉड घेऊन कुणीही उभं राहतं की."

पहिल्या शनिवारी टॅम्पिनीसच्या आमच्या घरून एमआरटीच्या गाड्या बदलत आणि पुढे बसनं क्रांजीला पोचेस्तोवर माझा अर्धा धीर संपला होता. नवरा शाकाहारी, पुण्याचा. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. तो छत्री आणि डबा घेऊन सोबत आला, मागे झाडाखाली बसला आणि म्हणाला, "मासा लागला तर मला दाखवू नकोस." मी रॉड डोक्यामागून पुढे फेकायला गेले. हात कपाळाशी अडला, कळ मानेत गेली आणि खोटा मासा माझ्याच टोपीत रुतला.

शेजारी एक चिनी आंटी होत्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, काठावरच्या सगळ्यांना अजून वर्गातल्यासारख्या बोलायच्या. "आय्यो, लाइक दॅट थ्रो कॅनॉट लाह!" म्हणत त्यांनी टोपीतून हुक काढला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग डाव्या हातानं फेक की. मासे काय हात बघायला येतात?" मी नाही म्हटलं. अण्णा, तुमचा उजवा हात गेला होता म्हणून तुम्ही डाव्याला शिकवलंत. माझा गेलेला नव्हता, नुसता अडून बसला होता. त्याला सूट द्यायची नाही असं मी ठरवलं. आंटींनी खांदे उडवले. "स्टबर्न, हाँ?" म्हणाल्या आणि स्वतःच्या रिळाकडे वळल्या.

त्यानंतर दर शनिवारी मी गेले. इंडोनेशियातल्या वणव्यांचा धूर इकडे येऊन पलीकडचा देश दिसेनासा झाला, तेव्हा तेवढे दिवस घरी दारामागे दोरी ओढत राहिले, आता दुखलं तरी. धूर ओसरला तशी पुन्हा काठावर. खोटे मासे झाडांत अडकवून घालवले. कधी रात्री खांदा ठणकला की नवरा गरम पाण्याची पिशवी आणून ठेवायचा आणि विचारायचा, "आपण परत गेलो तर तुला फार वाईट वाटेल का?" मी म्हणायचे, "परत जायचं तेव्हा जाऊ. शिडी चढता येत नाही म्हणून जायचं नाही."

वर्ष संपत आलं होतं. पाऊस नुकता थांबलेला, पाणी गढूळ. मी फेकलं, जवळच पडलं, आणि रीळ फिरवते तोच दोरीला असा हिसका बसला की मी दोन पावलं पाण्यात गेले. टोमान. आपल्या मरळीचाच थोरला भाऊबंद समजा, काळा, जाड मानेचा. तो गवताच्या दिशेनं पळाला. आंटी धावत आल्या, "रॉड अप! अप, अप लाह! गवतात गेला तर गेला!" मी रॉड वर केली. त्यानं खाली ओढली, मी आणखी वर केली. नवरा झाडाखालून उठून आला होता, छत्री उघडीच. मासा पाण्याबाहेर उसळला, डोकं झटकलं आणि दोरी सैल पडली. हुक निसटला होता. मी तशीच उभी राहिले. मग वळून आंटींकडे पाहिलं. त्या पाण्याकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या. नवरा हळूच म्हणाला, "अगं, हात बघ." हात डोक्याच्या वर होता. कोपर कानाला लागलं होतं, मुठीत रॉड होती, आणि आता त्याची जाणीव झाल्यावर तो भयंकर दुखत होता. मी तो खाली घेतला नाही. दुखू दे म्हटलं आणि जमेल तेवढा वेळ तसाच धरून ठेवला.

तपासणीच्या दिवशी हात तितका वर गेला नाही. डॉक्टरनं मान हलवली. मी म्हटलं, "मला शिडीवर बघा, खुर्चीवर नको." त्यांनी बरीच कुरकुर केली, मग सुरक्षेचा पट्टा बांधून, खाली दोन माणसं उभी करून सरावाच्या शिडीवर चढवलं. मी चढले. हळू, प्रत्येक पायरीला ओठ दाबून, पण दोन्ही हातांनी. शिडी मिळाली, एका अटीवर: काही महिने एकटीनं चढायचं नाही. पासही वाढला. नवऱ्याला पुढच्या वर्षी काम लागलं. या सगळ्याला आता चार वर्षं होत आली. खांदा पावसात कुरकुरतो, पण वेणी मीच घालते. आंटींचे गुडघे गेलेत, त्या आता खुर्ची घेऊन येतात आणि बसल्या बसल्या सगळ्यांना शिकवतात. टोमान मला पुन्हा लागला नाही. चिलापी लागतात, तुमच्याकडच्यासारख्याच. मी त्या सोडून देते.

हे सगळं मी आज रविवारी, ओट्याशी उभी राहून लिहिलं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तुम्ही नाहीच, तेव्हा हे कुठे जाणार नाही. पण खरं सांगू का अण्णा, तुम्ही असता तर यातलं काहीच मी तुम्हाला सांगितलं नसतं. फोनवर एवढंच म्हणाले असते की पडले होते, हात आता बरा आहे. तुम्ही "बरं" म्हणाला असता, आणि फोन आईकडे दिला असता.