करकोचा उडेना

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली खरोखरचं वाकणं होत नाही, म्हणून ते पत्रातच उरकून घेते.) तब्येत कशी आहे? खोकला गेला का? मी विणून पाठवलेला मफलर तू गळ्याला गुंडाळतेस की खिडकीचा वारा अडवायला फटीत कोंबतेस, ते खरं कळव. मी रागावणार नाही. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. 'हे' तुझी आठवण काढतात, म्हणजे मी काढायला लावली की काढतात. कानाचं यंत्र त्यांनी एकदाचं घेतलं, पण ते खिशात ठेवतात. कानात घातलं की सगळं ऐकू येतं, अशी त्यांची तक्रार आहे.

तुझं पत्र पोचलं. महिनाअखेरीस घर बंद करून तू माझ्या भाच्याकडे निघालीस, समुद्रापलीकडे, आणि कायमची, हे तू इतक्या साधेपणाने लिहिलं आहेस की पहिल्यांदा मी ते दूधवाल्याचा निरोप वाचावा तसं वाचून खाली ठेवलं आणि गॅसवरचं दूध उतरवायला गेले. दूध उतरवताना अर्थ लागला. (दूध गेलं.) निघण्याआधी येऊन राहा, सामान आवरायला हात दे, असं तू म्हटलंस, आणि मी उलट टपाली कळवलं की नृत्यशाळेचा वार्षिक कार्यक्रम आहे, पियानो मलाच वाजवायचा आहे, मुली माझ्यावर अवलंबून आहेत, सबब येणं जमणार नाही. तो कार्यक्रम परवा पार पडला. पार पडला म्हणजे काय, ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच लिहिते. तुझ्या बोलावण्याचं उत्तर शेवटी देईन. आधी देण्याचं धैर्य नाही.

नृत्यशाळेच्या बाईंनी यंदा बॅलेसाठी कोणती गोष्ट निवडली असेल? आपली. करकोच्याची. ती अजून कोणी वाचतं हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं होतं की कॉन्व्हेंटच्या लायब्ररीतल्या त्या काचेच्या कपाटाबरोबर, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा बांधून यायच्या आधीच ऐकू येणाऱ्या आपल्या त्या सिस्टरबरोबर, ती गोष्टही केव्हाच निवृत्त झाली असेल. पण ती आहे, आणि बाईंच्या म्हणण्याप्रमाणे मुलांच्या वाङ्मयात तिला मोठा मान आहे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची म्हातारी विधवा, तिच्या छपरावर पडलेला, पंख दुखावलेला करकोचा, त्याला तिने थंडीभर माळ्यावर सांभाळणं, आणि थंडी सरताना डोक्यावरून जाणारा थवा. तू मला ती शाळेच्या मागच्या जिन्यात बसून वाचून दाखवायचीस. थवा दिसला की तुझा आवाज हळू व्हायचा, आणि शेवटचं पान यायच्या आत तू पुस्तक मिटायचीस. मी विचारायचे, "मग?" तू म्हणायचीस, "मग काय, राहिला तो तिथेच. म्हातारीला सोडून जाईल कशाला?" पुढे कितीतरी वर्षांनी माझ्या बाकावरच्या मुलीने मला सांगितलं की म्हातारी स्वतःच्या हाताने खिडकी उघडते आणि करकोचा जातो. मी तिला खोटारडी म्हटलं, तिने माझी वेणी ओढली, आणि उरलेला तास आम्ही दोघी वर्गाबाहेर उभ्या होतो. घरी येऊन मात्र मी तुला काही बोलले नाही. तू रचलेलं मला जास्त पटलेलं होतं.

असो. नृत्यशाळा तू पाहिलेली नाहीस. फर्निचरच्या दुकानावरचा लांबट हॉल, एका भिंतीला आरसे, त्यांच्यापुढे धरून उभं राहायचा दांडा, आणि कोपऱ्यात पियानो, ज्याच्यावर मुलींच्या पाण्याच्या बाटल्या ठेवू नका असं मी रोज सांगते आणि ज्याच्यावर त्या रोज असतात. खाली कपाटं ठोकतात, वर आम्ही नाचतो. ठोके जुळले की बरं वाटतं. बाई काठीने ताल धरतात आणि कोणाचं कौतुक करायचं असलं की काठी थांबवतात. माझं काम म्हणशील तर वाजवण्याचं, पण खरं काम बघण्याचं. कोणाची रिबीन सुटली, कोणी आपटलं, कोणाला रडू आलं, की मी पुढे जात नाही. तोच तुकडा पुन्हा, पुन्हा, गोल गोल वाजवत राहते, ती मुलगी उठून उभी राहीपर्यंत. याला आमच्यात 'चकरी' म्हणतात. चकरी चालू आहे तोवर बाकीच्यांनी होत्या तिथेच गिरक्या घेत राहायचं, कोणी पुढची हालचाल करायची नाही, हा नियम अगदी बोटाएवढ्या मुलींनाही पाठ आहे. इतकी वर्षं या चकरीने आमची अब्रू राखली. परवा तिनेच घालवली. (तिने म्हणजे मी.)

करकोच्याचं काम चिमणीकडे होतं. चिमणी हे घरचं नाव. अंगाने ती चांगली कबूतर आहे. दातांच्या डॉक्टरांची मुलगी, आणि तोंडात पुढचे दात नाहीत. ही आमच्या दवाखान्याची उलटी जाहिरात आहे, असं तिचे वडीलच म्हणतात. म्हातारी झाली होती एक काटकुळी, उंच, गंभीर मुलगी, जिला सगळे काकू म्हणतात, कारण तिचा स्वभावच तसा आहे. ती रुमाल घडी करून ठेवते. पंखांसाठी बाईंनी पालकांकडून मोडक्या छत्र्या मागवल्या होत्या. कापड उसवायचं, काड्या काढायच्या आणि पांढरा रंग द्यायचा, असं ठरलं होतं. पण रंग पातळ पडला, त्यामुळे आमचा थवा धुऊन वाळत घातलेल्या पावसाळ्यासारखा दिसत होता, आणि एका छत्रीची मूठ काढायची राहून गेल्यामुळे एका करकोच्याला बगलेतून हुक होता. तो विंगेतल्या पडद्याला अडकून बराच वेळ बाहेरच आला नाही. करकोच्याचे पाय म्हणून घातलेल्या लाल मोज्यांचा रंग घामाने बुटांवर उतरला. चोची पुठ्ठ्याच्या, मागे इलॅस्टिक.

सुरुवात इतकी छान झाली, ताई, की मला शंकाच यायला हवी होती. पियानो रंगमंचाखाली, पहिल्या रांगेसमोर होता. 'हे' पहिल्याच रांगेत, यंत्र खिशात, चेहऱ्यावर सर्व काही ऐकू येत असल्याचा भाव. चिमणी छपरावर पडली (मनापासून पडली, टाळ्या आल्या), काकूने तिला उचलून माळ्यावर नेण्याचा प्रयत्न केला, ते वजन तिला झेपेना तेव्हा दोघी मिळून चालत गेल्या. थंडी झाली. थवा आला. हुकवाला करकोचाही सुटून आला. आता काकूने खिडकीची झडप उघडायची, मी शेवटचं पान वाजवायचं, चिमणीने धावत येऊन खिडकीतून झेप घ्यायची आणि पलीकडच्या गादीवर पडायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात चिमणीची चोच फिरून मानेवर गेली. मी चकरी धरली. त्यात काही चूक नव्हती. कोणीही पियानोवाली तेच करील. काकूने शांतपणे चोच पुढे आणली, इलॅस्टिक नीट केलं, आपल्या पदराने तिचं नाक पुसलं, आणि खिडकी उघडून माझ्याकडे बघितलं. आणि मी पुन्हा चकरी वाजवली.

का, ते मला तेव्हा कळलं नाही. शेवटचं पान माझ्या समोर होतं, ते मला पाठ आहे, बोटंही बरी चालत होती. मी स्वतःला म्हटलं, एकदाच आणखी. मग आणखी एकदा. उघडी खिडकी दिसत होती, आणि तुझ्या पत्रातला तो एक शब्द, 'कायमची', कुठल्याच सुरावर बसत नव्हता. मुलींचा काही दोष नाही. चकरी चालू आहे म्हणजे कोणीतरी पडलेलं आहे, ती उठेपर्यंत आपण फिरायचं, एवढंच त्यांना माहीत. त्या फिरत राहिल्या. कोण पडलंय म्हणून एकमेकींकडे बघत फिरल्या. एक करकोचा चक्कर येऊन खाली बसला. एकाने प्रेक्षकांतल्या आजीला हात केला. आजीनेही केला, आणि बराच वेळ करत राहिली. हुकवाला शेजारणीत अडकला आणि त्या दोघी जोडीने फिरू लागल्या, ते खरं तर चांगलं दिसत होतं. विंगेतून बाईंची काठी आपटायला लागली. आधी तालात, मग तालाबाहेर. दातांचे डॉक्टर उठून उभे राहिले, मागच्यांनी त्यांना बसवलं. चिमणी पंख पसरून, एक पाय पुढे टाकून, धावायच्या तयारीत थरथरत उभी होती.

शेवटी काकू आली. बॅलेत कोणी बोलत नाही, हे तिला माहीत आहे. तिच्याइतकं ते कोणालाच माहीत नाही. तरी ती पुढे आली, कमरेत वाकली, आणि घरात सांगावं इतक्या हळू म्हणाली, "मावशी, कोणी पडलेलं नाहीये. जाऊ द्या ना आता तिला."

सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. (ह्यांना सोडून.) मी पान वाजवलं. शेवटपर्यंत, एकही सूर न चुकता वाजवलं. पियानो शिकवणाऱ्या आपल्या त्या सिस्टर असत्या तर चुकल्या बोटावर मारायची पेन्सिल त्यांनी खाली ठेवली असती. चिमणी धावली, झेपावली, गेली. गादीचा आवाज आला. आणि टाळ्या सुरू होणार एवढ्यात ती त्याच खिडकीतून परत आली, कारण तिचा एक बूट इकडेच राहिला होता. तिने बूट घेतला, काकूला घाईघाईत मिठी मारली आणि पुन्हा गेली. लोकांना वाटलं हेच ठरलं होतं. एक आजोबा मला येऊन म्हणाले की लहानपणी वाचताना त्यांना शेवट फार कठोर वाटायचा, परत येण्याचा हा बदल कोणी सुचवला? मी म्हटलं, बुटाने.

बाई रागावल्या नाहीत, त्यामुळेच मला समजलं की प्रकरण गंभीर आहे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षापासून आपण रेकॉर्डवरच करू या का? तुम्हालाही दगदग होते." मी म्हटलं, रेकॉर्डला चकरी येत नाही, मूल पडलं तर काय कराल? त्या म्हणाल्या, "मूल उठेल हो. मुलं उठतात. रेकॉर्डला बहीण नसते, एवढं मला पुरे आहे." म्हणजे त्यांना ठाऊक होतं. मी तालमीला आल्यावर पर्स उघडून तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचते, ते आरशांत सगळ्यांना दिसतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. घरी येताना ह्यांना विचारलं, कसं झालं? म्हणाले, "छान. शेवट जरा लांबवलात."

तर आता उत्तर. तू बोलावलंस आणि मी नाही म्हटलं, मुली माझ्यावर अवलंबून आहेत म्हणून. त्या नव्हत्या, हे आता सगळ्या गावाने पाहिलं. कार्यक्रमाचं निमित्त संपलं, तर दुसरं शोधावं म्हणून मी बसून विचार केला. गुडघे आहेत. ह्यांचं पथ्य आहे. पाणी तापवायच्या बंबाला माझीच सवय आहे, दुसऱ्याने बटण लावलं की तो गळतो. पण खरं म्हणजे मी आले, तर तू बांधलेलं एकेक खोकं मी 'हे नीट बसलं नाही' म्हणून सोडीन आणि पुन्हा बांधीन, मग पुन्हा सोडीन, आणि तुझं जहाज निघून जाईल. तुला मी ओळखते. तू मला थांबवणार नाहीस. तेव्हा न येणंच शहाणपणाचं. खोक्यांवर आत काय आहे ते मोठ्या अक्षरांत लिही, चष्म्याची जोडी हातातल्या पिशवीत ठेव, भाच्याला आशीर्वाद सांग, आणि सुखरूप जा. माझ्याकडून निरोप इथेच समज.

तुझी,
धाकटी

ता. क. : ते शेवटचं वाक्य मी तीनदा लिहिलं, तरी ते खोटंच दिसतं. एक मागते, हसू नकोस. जिन्यात म्हणायचीस तसं एकदा लिहून पाठवशील? 'राहिला तो तिथेच' एवढंच. खरं नाही हे मला कळतं. तेव्हाही, मला वाटतं, कळत होतंच.

ता. क. २ : वरचं सगळं रद्द समज. पत्र टपालपेटीत टाकायला निघाले, तर खालच्या दारात काकू उभी. माझी वह्यांची पिशवी हॉलवर राहिली होती, ती नीट बांधून घेऊन आली होती. मी पुढे कधी वाजवायला येणार, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बघू. मग माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघून म्हणाली, "बहिणीचं ना? मग पत्र कशाला पाठवताय, तुम्हीच जा की. पत्र पोचेपर्यंत तुम्ही पोचाल." हे खरं आहे, मी वेळापत्रक पाहिलं. म्हणून हे पत्र मी स्वतःच घेऊन येते आहे. ह्यांना यंत्र कानात घालायला लावून बंबाचं बटण समजावलं आहे. तू हे वाचत असशील तेव्हा मी तुझ्या समोर बसलेली असेन, म्हणून कृपा करून मनात वाच, आणि शेवटचं पान आल्यावर मिटू नकोस. दोन कप खोक्यात गेले असतील तर बाहेर काढ. ते खोकं मी पुन्हा बांधून देईन. एकदाच.