लग्नच झालं नव्हतं, तर घटस्फोट कसला!

३ मार्च
रोझलिंड बहिणीकडे राहायला गेली, तेव्हा वाटलं रुसलीय. आज कोर्टाचा ईमेल: घटस्फोटाचा अर्ज! कारण सांगायची गरजच नाही म्हणे. संसार मोडला एवढं एकानं म्हटलं की पुरे. ठरवलं, लढायचं. वकील नको. जन्मभर ड्रायव्हिंग शिकवलं, नियम मला पाठ होतात.

५ मार्च
कायद्यात वीस आठवडे विचारासाठी ठेवलेत, मगच पुढचा अर्ज करता येतो. अर्थात रोझलिंडच्या. मी कशाला विचार करू?

१० मार्च
कोर्टाच्या फॉर्मवर 'विरोध आहे' अशी खूण करून टाकली. कारण: अंथरुणात चहा मीच नेऊन देतो. (रविवार सोडून.)

१९ मार्च, दुपारी
वकीलबाईंकडे गेलो, फुकटचा अर्धा तास होता म्हणून. म्हणाल्या, मिस्टर थ्रेलफॉल, चहानं घटस्फोट अडत नाही. विरोध करायचाच तर लग्नच बेकायदा होतं असं दाखवा. म्हणजे संसार वाचवायला तो झालाच नव्हता हे सिद्ध करायचं! काय डोकं आहे कायद्याला!

२ एप्रिल
बोलिंग क्लबातला नेव्हिल (दोन घटस्फोट, म्हणून तज्ज्ञ) म्हणाला, लेका डेस, कायदा गेला चुलीत, तिला फोन कर. गावंढळ कुठला.

६ मे
सापडलं! चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारावी लागतात. आमची दोनदाच पुकारली. तिसऱ्या रविवारी पाद्रीबुवा क्रिकेट खेळत होते. बोलिंग मी टाकत होतो, धावा रोझलिंड मांडत होती. दोघंही साक्षीदार!

९ मे
कोर्ट म्हणतं, विरोधाचं कायदेशीर कारण द्यायची मुदत गेली. किरकोळ बाब. रोझलिंडलाच सांगतो, ती अर्ज मागे घेईल. आधी पुरावा पक्का करतो. घाई नको.

२४ जुलै
मेव्हणीच्या दारात उभं राहूनच रोझलिंडला सांगितलं, आपलं लग्न झालंच नव्हतं. ती पोट धरून हसली. म्हणाली, अगोबाई, मग अर्ज तरी कशाला केला मी! मग हसू थांबलं. म्हणाली, वीस आठवडे फोन उशाशी घेऊन झोपले, डेस. पुढचा अर्ज कालच केला.
परत येताना चढावर गाडी बंद पडली. मागच्या गाडीतल्या शिकाऊ पोरीनं हॉर्न मारला.

१४ नोव्हेंबर
अंतिम आदेश आला. कोर्ट म्हणतं, लग्न झालं होतं आणि ते आज संपलं. दोन्ही एकाच वाक्यात.
मला ती घरी हवी होती. हे कुठल्या फॉर्मवर लिहायचं, ते काही सापडलं नाही.