दुसऱ्या पानावरचं लाल बटण

मु. सचिन, ३ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांस,
स्नेहाचा शि. सा. न.

मागांच्या खडखडाटानं तुमचे कान नेले, म्हणून फोन सोडून हे पत्र. लोटूकाका चालवतात त्या कॅलेंडर मशीनचा, म्हणजे कापड दाबणाऱ्या दोन तापलेल्या रोलरांचा, नवा टचस्क्रीन मी करतेय. सॉफ्टवेअर दोन आहेत. एकात चौकटी तारांनी जोडायच्या. कुठलं बटण कुठे जातं ते उघड दिसतं, पण आठवडा जातो आणि सगळं दिसतं गुंतलेल्या सुतासारखं. दुसऱ्यात नुसती चित्रं काढायची. एका दिवसात देखणी पानं तयार, जोडणी मात्र आत कुठेतरी दडलेली. आमचे मालक मगनशेठ, त्यांना देखणं हवं. मीही भाळले! लाल ‘बंद’ बटण भाकरीएवढं काढलंय. काका म्हणाले की आता चष्मा फुटला तरी चालेल.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुमची स्नेहा

पारोळे, ८ फेब्रुवारी

चि. स्नेहास अनेक आशीर्वाद.

देखणेपणाचं कौतुक मला सांगू नकोस. मी आणि लोटू बत्तीस वर्षं मागाला अगरबत्ती लावायच्या आधी तो बंद पाडून बघायचो. बंद न होणाऱ्या मशीनच्या पाया पडायचं नाही, हा आमचा नेम. तू प्रत्येक पानावरचं बटण दाबून बघितलंस का? तुझी आई म्हणते मी उगाच खेकसतो. खेकसणारच. उलट टपाली कळव.

काशिनाथ

सचिन, १३ फेब्रुवारी

ती. अप्पांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र एक दिवस उशिरा आलं.

काल दुसरं पान उघडं असताना काकांचा उजवा हात कापडाबरोबर रोलरांत ओढला गेला. त्यांनी बटण दाबलं. बटण चमकलं, मशीन चालूच! तीनदा दाबलं. हात कोपरापर्यंत चेपला, भाजला. कुणीतरी मेन स्विच पाडेपर्यंत पांढरं कापड लाल होऊन बाहेर पडत राहिलं.

कारागिरांनी पहारीनं पडदा फोडला. सुपरवायझर नितीनला लोळवून तुडवलं, त्याचे दोन दात पडले. मी ऑफिसात कडी लावून बसले होते. आणि चूक माझी, अप्पा! पहिल्या पानाच्या बटणाची नक्कल करून मी दुसऱ्यावर ठेवली. रंग आला, चमक आली, जोडणी आलीच नाही. तपासलं फक्त पहिलं पान. शेठ म्हणतात, लोटूनं बटण दाबलंच नाही असं लिहून दे. काय करू?

स्नेहा

पारोळे, १७ फेब्रुवारी

चि. स्नेहास,

काय करू म्हणून विचारतेस? लाज वाटली मला. लोटूचा हात गेला, आता त्याला खोटाही पाडणार? जा, सगळ्यांसमोर सांग. मार पडला तर खा. मग घरी ये, आईनं हळद काढून ठेवलीय.

हाच आशीर्वाद समज.
काशिनाथ

सचिन, १९ एप्रिल

ती. अप्पांस,
शि. सा. न.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर सांगितलं. काकांच्या बायकोनं, सखुकाकूंनी, तिथेच मला चपलेनं मारलं, ओठ फाटला. नवा पडदा नीट झाल्याशिवाय मशीनला हात लावणार नाही म्हणून कारागीर अडून बसले, तेव्हा शेठनी मलाच पुन्हा कामाला बसवलं. पडद्याचा चेहरा चित्रांचाच ठेवला, पण चालू-बंदचं सगळं चौकटी आणि तारांनी जोडलं. शिवाय एक लोखंडी बटण वेगळं बसवलं.

आज काका आले. डाव्या बोटानं कागदावरची एकेक तार बटणापासून मोटारीपर्यंत तपासली. मग त्यांनी मला रोलरांपाशी उभं केलं, माझा उजवा हात धावत्या कापडावर ठेवायला लावला आणि पडद्यावर दुसरं पान उघडलं. कुणी अडवलं नाही. बोटं रोलरांपासून वीतभर अंतरावर आली तेव्हा त्यांनी लाल बटण दाबलं.

थांबलं, अप्पा.

मग काकांनी अगरबत्ती माझ्या हातात दिली.

तुमच्या पायांशी,
स्नेहा