इथे जन्मलेले किंवा इथे पुरलेले

आई,

आज कोर्टाच्या चौकातून येताना गावाच्या इतिहासाचं ते जाडजूड पुस्तक वाचनालयाबाहेर रद्दीच्या भावात मांडलेलं दिसलं आणि इतक्या वर्षांनी माझं डोकं पुन्हा तापलं. तुला त्यातलं काहीच ठाऊक नाही. तू गेल्यानंतर, ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला ते निघालं. ओहायोतलं आपलं हे गाव म्हणजे तालुक्याचं ठिकाण; मध्ये कोर्ट, भोवती बँक, चर्च, हार्डवेअरचं दुकान. इतिहास असा कितीसा असणार? तरी समिती बसली आणि मी वाचनालयात कामाला, म्हणून टायपिंगला मला धरलं. शेवटचं प्रकरण गावातल्या नामवंतांचं. त्यात एक सेनेटर होता, जो पाळण्यात असतानाच गाव सोडून गेला आणि पुन्हा फिरकला नाही. एक घोडेचोर होता, ज्याला याच चौकात फाशी दिली. मी म्हटलं, माझ्या आईचं नाव घाला.

शेजारणीच्या नातीचं आठवतं ना? पोर रडून रडून काळीनिळी व्हायची. एक दिवस तू न विचारता त्यांच्या बाथरूममध्ये शिरतेस, साडी गुडघ्यापर्यंत खोचून जमिनीवर पाय पसरतेस आणि तेल चोपडलेल्या पोरीला पायांवर पालथी घेतेस. शेजारीण दारातून मला म्हणते, "हनी, ती पाडेल तिला." तू मान वर न करता म्हणतेस, "सांग तिला, मी तुलाही असंच न्हाऊ घातलंय. एकदा निसटली असतीस तर जीभ तरी जरा आखूड झाली असती." मी पहिल्याच वाक्याचं भाषांतर केलं. पोर जी झोपली ती थेट संध्याकाळी उठली. मग गावातल्या लेकीसुना फोन करू लागल्या. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी घोटून घेतलेलं माझं इंग्रजी इथे कुणाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचलं नव्हतं. तू "नो क्राय, गुड गर्ल" एवढ्यावर घरोघरी पोचलीस.

समितीचे अध्यक्ष शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, सभ्य माणूस. म्हणाले, "नियम आहे. माणूस इथे जन्मलेला हवा, नाहीतर इथे पुरलेला."

"म्हणजे घोडेचोर चालतो."

"तो इथेच पुरलाय," ते अगदी गंभीरपणे म्हणाले.

आणि तुला तर मी गोदावरीत सोडून आले होते. अर्धं गाव तुझ्या हातून न्हालेलं, पण तुझ्या नावाची वीतभर जमीन इथे नाही, म्हणून तू इथली नाहीस. मी टाइप केलेले कागद टेबलावर आपटले आणि निघाले. शेजारीणही समितीत होती. ती माझ्यामागे पार्किंगपर्यंत आली. "आमच्या घरच्या कबरींपाशी एक जागा रिकामी आहे. तिची एखादी साडी पुरू, वर दगड बसवू. कोण उकरून बघणार आहे?"

"अर्ध्या पानासाठी मी माझ्या आईला खोटी कबर देणार नाही," मी म्हटलं.

"पानासाठी नाही गं," ती म्हणाली. "मला फुलं ठेवायला कुठेतरी जागा हवी होती."

मी गाडीत बसून घरी आले. पुस्तक तुझ्याविना निघालं. शेजारीणही आता गेली.

गेल्या महिन्यात मी इथल्या दफनभूमीत माझ्यासाठी जागा घेतली. जाळायचं आपल्या रीतीने, पण अस्थी नदीत न्यायच्या नाहीत, इथेच ठेवायच्या, असं लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "आर यू शुअर, मॉम?" इथे लोक जिवंतपणीच आपला दगड बसवून घेतात, तसा मीही सांगितलाय. माझ्या नावाखाली मी कुणाची मुलगी ते, म्हणजे तुझं नाव, कोरायला दिलंय. त्यात खोटं काही नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही. तो मीच पाण्यात सोडून आले. सगळ्यांना सांगते, जागा लेकीच्या सोयीसाठी घेतली. पण दगड बसला की तिथे पहिली फुलं मीच नेऊन ठेवणार आहे.