जावळाआधीचा फोटो

विटा, २३ नोव्हेंबर

प्रिय शिवांजली,

फोन करता आला असता. एक दिवसाआड बोलतोच की आपण. पण फोनवर मी जरा कुठे मनातलं काढायला लागले की तू “असू द्या आक्का” म्हणून मला गप्प करतेस, आणि या वेळी मला गप्प व्हायचं नाही. म्हणून सृष्टीच्या जुन्या वहीची कोरी पानं फाडून बसले आहे. लेकीनं बघितलं तर म्हणेल, सगळ्या घराला मोबाईल शिकवणारी माझी आई पत्र कधीपासून लिहायला लागली? म्हणू दे.

गेल्या महिन्यात तू सेलमहून फोन केलास तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. दिवाळीला तुम्ही आला नाहीत याबद्दल मी तुला चार शब्द सुनवायच्या तयारीत होते. तूच आधी बोललीस. “आक्का, शंभूचं तोंड डोळ्यापुढं यीना झालंय. अंगाचा वास येतोय, रडणं ऐकू येतंय, पण तोंड यीना. कुटं येखादा तरी फोटो असंल का वो?” पाच महिन्यांचं लेकरू सांगलीच्या दवाखान्यात चार दिवसांच्या तापानं गेलं त्याला अजून वर्ष व्हायचं आहे, आणि त्याच्या आईला त्याचा चेहरा आठवत नाही. मी म्हणाले, शोधते. तेव्हा माझा आवाज कसा झाला होता ते तुझ्या लक्षात आलं की नाही, माहीत नाही.

शोधायचं माझ्याशिवाय कोण शोधणार होतं म्हणा. आपल्या दोघींचेही नवरे गलाईच्या दुकानात, लांब सेलमला, लोकांचं सोनं वितळवत. शंभू गेल्यावर तू तिकडे गेलीस, तोवर आपण दोघी इकडे. म्हणून तू लग्न होऊन यायच्या आधीच मी घरातल्या सगळ्या फोनांना फोटोंचं एकच खातं जोडून दिलं होतं. सृष्टीनं इथं रांगोळी काढली की तिच्या बापाला तिकडे दिसायची. गावात माझा केवढा रुबाब झाला होता! कुणाचे फोटो दिसेनात, कुणाचे दोन-दोनदा दिसतात, कुणाची जागा भरली, की निघाले माझ्याकडे, विजयमालावहिनीकडे. तुझा फोनही पहिल्याच आठवड्यात मी हातात घेतला आणि त्याच खात्याला जोडला. तू विचारलंस, “माजं सगळं सगळ्यांना दिसंल?” मी हसले होते. घरात कसलं तुझं न माझं, म्हणाले होते.

आता रीत. तू ती कधी मोडली नाहीस, पण का होती ते तुला कुणी नीट सांगितलंही नाही. जावळ निघेपर्यंत या घरात लेकराचा फोटो काढायचा नाही. आपल्या सासूचा, आत्याबाईंचा पहिला मुलगा, भाऊजींच्या आणि ह्यांच्याही आधीचा, त्याला तिसऱ्या महिन्यात स्टुडिओत नेऊन हौसेनं फोटो काढला होता. पंधरा दिवसांत तो गेला. तेव्हापासून आत्याबाईंनी कॅमेऱ्याला लेकराच्या वाऱ्याला उभं केलं नाही. भाऊजी सेलमहून व्हिडिओ कॉलवर शंभूला बघायचे, ते त्यांना चालायचं. “बघितल्यानं काय हुत न्हाई, ठिवल्यानं हुतंय,” असं म्हणायच्या. फलटणला तुझ्या आईनंसुद्धा सासरची रीत म्हणून बारशात कुणाला फोन बाहेर काढू दिला नव्हता. अकराव्या महिन्यात जोतिबाला जावळ काढायचं आणि मग पोटभर फोटो काढायचे, असं ठरलं होतं आपलं.

पण सव्वा महिन्यानं तू बाळाला घेऊन घरी आलीस, भाऊजी सुट्टीवर आले, आणि एका दुपारी आत्याबाई शेतात गेल्याचं बघून तुम्ही माडीवर दार लावून सात फोटो काढलेत. संध्याकाळी ते फोनमध्ये नव्हते. तू घाबरून माझ्याकडे आलीस. मी तुझा फोन उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, मेमरी भरली असेल, हे सॉफ्टवेअर असंच करतं कधी कधी, नवं काही टिकवतच नाही. तू मान हलवलीस. मग पदर डोळ्याला लावून म्हणालीस, “देवालाच नको हुतं आक्का. मी रीत मोडली.” त्यानंतर तू शंभूवर एकदाही फोन धरला नाहीस.

तर मी शोधायला लागले. आधी एकासारखे एक असलेले फोटो वेगळे केले, कारण आपल्या खात्यात लग्नाचा एकेक फोटो चार-चार वेळा आहे. मग गेल्या वर्षीच्या ऑगस्टपासून जानेवारीपर्यंतचा एकेक दिवस उघडला. त्याच्या जन्मापासून ते… तुला माहीत आहे कुठपर्यंत. कुठल्या तरी फोटोत मागे पाळणा असेल, कुणाच्या तरी खांद्यावर तो असेल, या आशेनं मोठं करून करून बघितलं. एका फोटोत दोरीवर त्याची झबली वाळत होती. त्यावर मी अर्धा तास बसले होते. कचऱ्याच्या टोपलीत बघावं म्हटलं तर ती रिकामी. जुने फोन गोळा केले, ज्याची काच फुटली आहे तोही. फक्त आत्याबाईंचा फोन सापडेना. सिम नसलेला, वायफायही बंद करून नुसता भजनं ऐकायला दिलेला तो. शंभू गेल्यापासून तो त्यांच्या हातात कुणी बघितला नव्हता. विचारलं तर “हरावला” म्हणाल्या आणि तोंड फिरवून बसल्या. तू गेल्यापासून त्या बोलतात तरी किती म्हणा. समोर ताट ठेवलं तर जेवतात, नाही ठेवलं तर आठवणही करत नाहीत.

पंधरा दिवसांपूर्वी ज्वारीची कोठी रिकामी केली. तळाशी फडक्यात बांधलेला तो फोन. मला वाटलं, म्हातारपणी ठेवला असेल कुठेतरी आणि विसरल्या असतील. चार्जिंगला लावला, घरच्या वायफायला जोडला आणि स्वयंपाकाला लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो उघडले. ते सॉफ्टवेअर चेहरे बघून माणसं वेगळी करतं ना, त्यात ‘तानाजी’ नावाखाली भाऊजींचे दोनशे चौदा फोटो होते. तिथं दोनशे पंधरा दिसले. आणि खाली प्रश्न होता, हा तोच माणूस आहे का?

लग्नाच्या व्हिडिओसाठी भाऊजींचा लहानपणीचा एक फोटो मी चढवला होता, आठवतो? जावळ काढल्यानंतरचा, चकचकीत डोकं आणि कपाळाला ही एवढी तीट. त्याच्या शेजारी तसंच तोंड होतं, पण डोक्यावर भरगच्च जावळ. तुझ्या निळ्या साडीच्या दुपट्यावर झोपलेला. तारीख बघितली तर १ जानेवारी २०१२. तेव्हा तू दहावीलाही गेली नसशील. त्या फोनची बॅटरी संपली की घड्याळ मागे जातं आणि कुणी पुढे घेत नाही, म्हणून फोटो भलत्याच वर्षात जाऊन बसला होता. त्या तारखेत मी सात जन्म शोधलं नसतं. शिवांजली, सॉफ्टवेअरनं बापाला आणि लेकाला एकच माणूस ठरवलं, म्हणून तो सापडला. एरवी मी असल्या चुकांना शिव्या देते. त्या दिवशी गॅसवरचं दूध उतू जाऊन शेगडी विझेपर्यंत मी तशीच उभी होते.

फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक बोट आलं आहे. अंगठा. त्यावर विळ्याची जुनी खूण आहे आणि खाली गोंदणाचे तीन ठिपके. ते कुणाचं बोट आहे हे तुला सांगायला नको.

फोन घेऊन त्यांच्यापुढे गेले. रागानंच गेले, खोटं कशाला बोलू. सगळ्यांना रीत शिकवणारीनं हे करावं? त्यांनी फोन बघितला आणि भिंतीला टेकल्या. “म्याच काडला गं. येकच. झोपला हुता, लय ग्वाड दिसत हुता. माज्या हातानं माजं ऐकलं न्हाई.” मग फोन पालथा घालून म्हणाल्या, “चार दिसांत ताप आला. म्याच खाल्लं लेकराला. पयल्यालाबी म्याच.” दहा महिने ही बाई हे उरात घेऊन माझ्यासमोर चूल फुंकत होती आणि मला वाटत होतं म्हातारी हट्टानं गप्प आहे. मी त्यांना म्हणायला हवं होतं की आत्याबाई, फोटोनं कुणी जात नाही, त्याला न्यूमोनिया झाला होता. म्हणालेही. पण ते एवढंच. त्यांना शांत करेल असं आणखी एक माझ्यापाशी होतं, ते मी बारा-तेरा दिवस तोंडातून काढलं नाही. काल काढलं. आता तुला सांगते आणि त्यासाठीच हे पत्र आहे.

तुझे सात फोटो सॉफ्टवेअरनं नाही घालवले. मी घालवले. त्या दुपारी मी खाली शेंगा फोडत होते आणि माझ्या फोनवर ते एकामागून एक उतरले. एकात भाऊजी तुझ्याकडे बघतायत, तू शंभूकडे, आणि शंभू थेट माझ्याकडे. सृष्टीनंतर माझी दोन पोटातच गेली, तू त्यातल्या एकाच्या वेळी माझ्यापाशी दवाखान्यात होतीस. मला ते तिघं बघवले नाहीत. रीत मोडली म्हणून काढते असं मी स्वतःला सांगितलं, पण ते खोटं होतं, मला जळजळ झाली होती. एकेक करून सातही काढले, मग टोपलीतूनही काढले, कारण तिथून परत आणता येतात हे मला चांगलं ठाऊक होतं. एकच खातं, म्हणून तुझ्याही फोनमधून गेले. वर तुला मेमरीचं कारण सांगितलं. देवाला नको होते म्हणून तू रडलीस तेव्हाही मी गप्प राहिले, आणि माझ्या गप्प राहण्यानं पुढच्या साडेतीन महिन्यांचे तुझे फोटोही गेले. काल आत्याबाईंना हे सांगितलं की फोटो आधीच निघाले होते, सात, आणि त्यानंतर साडेतीन महिने लेकरू हसतखेळत होतं, तुमच्या एकानं काही झालं नाही. त्या उठून माझ्यापुढं आल्या. मला वाटलं थोबाडीत देतील. म्हणाल्या, “तिचं हाय ते तिला धाड. आन् तुज्या हातानं लिव.” रात्री त्यांनी स्वतःहून भाकरी मागून घेतली. जमलं तर त्यांना एक फोन कर, त्यांचा तरी दोष नाही एवढं तुझ्या तोंडून ऐकू दे. तुझाही नव्हता. सोबतच्या जाड पाकिटात फोटो आहे, स्टुडिओतून मोठा करून आणला. स्टुडिओवाला कोपऱ्यातलं बोट पुसून देतो म्हणत होता, मी नको म्हणाले. तुझं खातं आजपासून वेगळं केलं आहे. त्यातला शंभू आता कुणाच्या हातून जाणार नाही, माझ्याही नाही. पाकीट उघडशील तेव्हा आधी त्याच्याकडं पोटभर बघ. माझं काय करायचं ते त्यानंतर ठरव.

तू अजून म्हणू देणार असशील तर तुझीच,
आक्का