सरूचे मुराळी

१२ जुलै १९३७, तुंगार्ली

आज पुन्हा गणिताचा तास पावसाने खाल्ला. वर्गाच्या पत्र्यावर असा काही आवाज, की मी पाढे म्हणते आहे हे मलाच ऐकू येईना! शेवटी पोरांनी नुसते ओठ हलवून पाढे म्हटले आणि मी मान डोलावून तपासले. हमीदचे सगळे बरोबर आले. अंबाजीने बहुधा जेवायला मागितलं.

दादांना झांजिबारला कळवायला हवं, की मुलगी सुखरूप आहे. तिथे जन्मले, तिथेच वाढले, त्यामुळे लोणावळा मला परदेशच — पण मराठी बोलणारा परदेश, म्हणून माझी चूक सगळ्यांना ताबडतोब कळते. वर्षभर अनाथाश्रमात शिकवायचं ठरवून आले. पगार नाही, कपडे वाळत नाहीत आणि पदराला सतत कुणीतरी लोंबकळलेलं. फार मजेत आहे!

मी बोटीतून आले म्हणून पोरं मला बोटबाई म्हणतात. आश्रम चालवणाऱ्या नंदाबाई त्यावरून पोरांना रागावतात. मला आवडतं.

१९ जुलै

पोरांतल्या झुंबरला आमच्या झांजिबारचं ‘पोले पोले’ शिकवलं. म्हणजे हळूहळू. आता मी आमटी वाढायला लागले की सगळी पंगत एका सुरात मला पोले पोले म्हणते.

२५ जुलै

गेणूआबा बाजारातून सरूची बातमी घेऊन आले. (स्वयंपाक, राखण, गळणाऱ्या कौलांची डागडुजी — सगळं आबाच बघतात.) सरू इथेच लहानाची मोठी झाली. मी आले त्याच्या पुढच्याच महिन्यात, वैशाखात, तिचं लग्न झालं. आंदर मावळात दिली. भातशेतीचं घर. नवरा महिपती भला माणूस आहे. सासूचं, बयाबाईचं, मात्र पहिल्या दिवसापासून एकच — सून चांगली, पण तिला माहेर नाही.

आता नागपंचमी जवळ आली. पाणवठ्यावर बायकांचा दुसरा विषय नाही. कुणाची सून कधी माहेरी जाणार, कुणाचा झोका कुठल्या झाडाला. सरू म्हणे खाली मान घालून हंडा भरते आणि निघते. लग्नानंतरची पहिली पंचमी तिची!

नंदाबाईंना जेवण गेलं नाही. मला राग आला की भूक लागते, मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

२९ जुलै

मार्ग काढला. इतका सोपा, की कुणाला कसा सुचला नाही कोण जाणे! नंदाबाई वर्गणीसाठी पुण्याला गेल्या आहेत, म्हणून मीच पुढाकार घेतला. सरूच्या गावचा दत्तोबा तूप विकायला बाजारात येतो. त्याला गाठून सांगितलं, बयाबाईंना म्हणावं सरूला पंचमीला पाठवून द्या, आम्ही वाट बघतो. दत्तोबाने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. मी त्याला गूळ दिला.

५ ऑगस्ट

माती खाल्ली मी.

दत्तोबा उत्तर घेऊन आला. बयाबाईने चारचौघांत विचारलं म्हणे, तुपाच्या डब्याबरोबर निरोप धाडणारं हे कसलं माहेर? त्यापेक्षा नसलेलं बरं होतं. आजवर सरूची कीव करणाऱ्या बायका आता हसतात. सगळं माझ्यामुळे!

गेणूआबांनी मला चुलीपाशी बसवून समजावलं, अगदी पहिलीतल्या पोरीला समजवावं तसं. “पोरीला सनाला न्यायला माहेरचा मानूस जातोय, बाई. बाप न्हाईतर भाऊ. त्यो मुराळी. त्यो दारात आल्याबिगर पोरगी उंबरा वलांडत न्हाई.” झांजिबारला आमच्या मुली लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे जातात. हाक मारली की येतात. मला कसं कळावं? पण कळायला हवं होतं, हेही खरंच.

८ ऑगस्ट

नंदाबाई परतल्या. मी सगळं सांगितलं. रागावल्या नाहीत, त्याने जास्त वाईट वाटलं. मुराळी आणायचा कुठून, हाच विचार. आबांचा गुडघा सुजलेला, त्यांना एवढं चालवणार नाही. दुसरा पुरुष माणूस घरात नाही.

हमीद दारात उभा राहून ऐकत होता. अकरा वर्षांचा आहे. सरूने त्याला कडेवर वाढवलं. न्हाणीत गेला, अंघोळ केली, डोक्याला तेल थापलं आणि धुतलेला सदरा घालून नंदाबाईंपुढे येऊन उभा राहिला. त्या मनात काय तोलत होत्या ते मला कळत होतं — मुसलमानाचा पोरगा भाऊ म्हणून दारात उभा राहिला तर बयाबाई काय म्हणेल? सरूला आणखी ऐकावं लागलं तर?

तेवढ्यात न्हाणीपुढे रांग लागली. सगळी पोरं तेल मागत होती.

नंदाबाई म्हणाल्या, “करंज्या कराव्या लागतील. पुष्कळ.”

१० ऑगस्ट

हात दुखतात, पाय दुखतात, पण आजचं आजच लिहायचं!

पोरं आणि मी सकाळच्या गाडीने कामशेतला. तिथून पायी. प्रत्येकाच्या डोक्यावर इरलं, आणि लहानांची इरली एवढी मोठी की लांबून नुसती पानंच चालताना दिसत होती. करंज्यांची दुरडी हमीदच्या डोक्यावर. कुणाला हात लावू देईना. खाचरांच्या बांधावरून जाताना हौशीराम चिखलात बसला, त्याला काढायला गेलेली मीही बसले. पोरं बांधावरून ओरडली — पोले पोले!

बयाबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. अंगणात चिखलाने माखलेली पोरांची रांग बघून तिने सूप खाली ठेवलं. काय काम आहे, तिने विचारलं. हमीदने रस्ताभर वाक्य पाठ केलं होतं. “आमी सरूताईला न्यायला आलोय. आमी मुराळी.”

“येवढे?” बयाबाई म्हणाली.

मग तिने विचारलं, ह्यातला सख्खा कोण. सगळ्यांनी हात वर केले. शेजारच्या बायका कुडावरून बघत होत्या. तेवढ्यात सरू आतून आली. पदर सावरून सासूला म्हणाली, “समदेच, आत्याबाई. थोरला ह्यो. हमीद.”

बयाबाई नाव ऐकून थबकली. हमीदकडे पाहिलं, दुरडीकडे पाहिलं. दुरडीखाली त्याची मान थरथरत होती. आणि एकदम ती सुनेवरच तडकली. “उबी काय ऱ्हायलीस? मुराळ्याच्या पायावर पानी घाल. लय लांबून आलाय.”

मी रडले. पाऊस होता म्हणून निभावलं.

जेवायला पहिला पाट हमीदला. भाताचं पातेलं दोनदा चढलं. अंबाजीच्या खिशातून जिवंत खेकडा निघाला आणि श्रावणात चुलीपर्यंत गेला, त्यावरून थोडा गोंधळ झाला. निघताना बयाबाईने हमीदच्या डोक्याला नवीन टोपी घातली. मुराळ्याचा मान. मला म्हणाली, “माज्या माहेरचा येकच मुराळी यायचा, बाई. त्यो बी उशिरा.” आणि कुडापलीकडच्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने दुरडी उघडून करंज्या वाटायला बसली.

सरू गाडीत खिडकीपाशी बसली. हमीद टोपी सांभाळत तिच्या शेजारी.

११ ऑगस्ट, पंचमी

जांभळाला झोका. लाह्या. फुगड्या. मी दोनदा पडले. दिवसभर कुणी काही शिकलं नाही.

१५ ऑगस्ट

सरूला पोचवून आलो. खणानारळाने ओटी भरली नंदाबाईंनी. हमीद झोपताना टोपी काढत नाही.

२१ नोव्हेंबर

दुपारी भूगोलाचा तास चालू असताना बयाबाई स्वतः आली. महिपतीला बाहेर उभं केलं आणि तडक आत येऊन म्हणाली, “पैलं बाळंतपन माहेरी आसतंय. फाल्गुनात आनून सोडते. खोली कंची देनार, ती दावा.”

नंदाबाई खोली दाखवायला उठल्या. इतकी वर्षं ह्या घरी टाकलेली मुलंच येत आली. आता एक मूल इथे आजोळी येणार आहे.

अंबाजी पाच वर्षांचा आहे. तो मामा होणार म्हणून दुपारपासून कुणाचंच ऐकत नाही.