चाकवताचं पातेलं आणि महेशचं रक्त

५ जानेवारी, सोम.
महेशच्या रक्ताचा आकडा परत खाली. ऑपरेशनला पाच महिने होतील, तरी रक्त हवं तेवढं पातळ राहत नाही. डॉ. म्हणाले, छातीत धातूची झडप आहे, रक्त घट्ट झालं तर तिच्यावर गाठ धरेल. पुढचं बोलेनात. मीच विचारलं.
"गाठ मेंदूकडे गेली तर अर्धांग."
रक्त पातळ करायची गोळी वाढवली. पालेभाजी किती खाता? वाटीभर, म्हटलं. पाल्याने गोळीचा जोर कमी होतो म्हणे. "बंद करू नका. पण रोज तेवढीच. आज काही नाही आणि उद्या पातेलंभर, असं नको."
लिफ्टमध्ये दोघंच होतो. झडपेची टिकटिक ऐकू येत होती.

६ जाने.
चाकवत केला, ताकातला. चणाडाळ, शेंगदाणे, थोडं बेसन. मोजून वाढला. म. म्हणाला, "नैवेद्य आहे का?" मी हसले नाही. नंतर वाईट वाटलं.

८ जाने, गुरु.
कंपनीला सुट्टी. दोघं निघोज्याला, सासूबाईंकडे. आईंनी चुलीवर मोठं पातेलं ठेवलेलं. चाकवत, करडई, चुका, हरभऱ्याचा कोवळा पाला, मुळा, तूरडाळ. सगळं घोटून वर लसणाची फोडणी. वासानेच मला भूक लागली. डॉ.चं सांगितलं तर म्हणाल्या, "पाल्यानं कुनाचं वाईट झालंय व्हय? पोरगं निस्तं वाळून चाललंय."
म. एकच वाटी जेवला. माझ्याकडे बघत बघत.

१० जाने.
संध्याकाळी जेवतच नाही नीट. "कँटीनला उशिरा खाल्लं." आज ओव्हरटाइम आहे म्हणाला होता. मी सहज आईंना फोन केला, तर मागून खोकला. त्याचाच. दुसऱ्या कुणाचा नाही.
"टीव्ही चालू हाय," आई म्हणाल्या.
बरं, म्हटलं. ठेवला फोन.

१२ जाने, सोम.
आकडा आणखी खाली. गोळी अजून वाढवली, शिवाय आकडा वर येईपर्यंत पोटात सुया. घरी आल्यावर फुटले.
"रोज जातो का तिकडे?"
"हो. कंपनीतून येताना उतरतो. जेवतो, मग येतो."
"मरायचंय का?" तोंडातून गेलंच.
बूट काढून ठेवले. मग, "बाबा गेल्यापासून ती एकटीसाठी चूल पेटवत नाही गं. मी पानावर बसलो की तीपण दोन घास खाते."


१३ जाने, भोगी
सिस्टरने सुई शिकवली. बेंबीच्या बाजूला कातडी चिमटीत धरून. म.ने डोळे मिटून घेतले होते. सगळ्या बिल्डिंगमध्ये भोगीच्या भाजीचा वास. मी केली नाही.

१५ जाने, गुरु.
एकटीच निघोज्याला गेले. आईंना सगळं सांगितलं. गाठ, अर्धांग, सुया.
"मंग मी इतकं दिस त्याला इख घालत व्हते?"
"नाही हो आई. जास्त झालं, एवढंच."
उठल्या, पातेलं उचललं आणि सगळी भाजी म्हशीपुढे ओतली. मला थांबवता आलं नाही. परत येताना बसमध्ये रडू आलं. खिडकीकडे तोंड करून बसले.

१६ जाने.
आकडा बरा! सुया बंद. आता सगळं मार्गी लागेल असं वाटतंय.

१८ जाने, रवि.
म. पाल्याला हात लावत नाही. निघोज्याला उतरत नाही आणि इथेही वाटी सरकवतो. रोज थोडी खायचीच आहे, म्हटलं. "नकोच ती कटकट." आई फोन उचलत नाहीत. जेवत असतील का?

१९ जाने, सोम.
सकाळी म. दात घासताना बेसिन लाल. हिरड्यांतून. थांबेचना. तोंडात रुमाल धरून तसेच दवाखान्यात. आकडा आता भलताच वर. डॉ. चिडले. "मी बंद करा म्हटलं होतं?" पाला बंद आणि गोळी वाढवलेली, म्हणून रक्त नको तेवढं पातळ. दोन दिवस गोळी नाही, मग कमी. शुक्रवारी परत तपासणी.
आता तो भिंतीला टेकला तरी भीती वाटते. कुठे लागलं तर?

२० जाने.
आईंना घेऊन आले चिखलीला, आमच्या घरी. येत नव्हत्या. "माजा हातच वंगाळ." म्हटलं, हात नाही, माप चुकलं. तुम्ही करा, मी शेजारी उभी राहते. गाठोड्यात आधी करडई बांधली, मग लुगडी.

२१ जाने.
आईंचं पातेलं, पण पाला मूठभरच. बाकी वांगं, मुळा, लाल भोपळा, डाळ, शेंगदाणे. घोटून एकजीव. बाजरीची भाकरी कुस्करून तिघं जेवलो. आईंनी परत वाढून घेतलं. माझं लक्ष म.च्या दातांकडे.
"ह्याच्यात पाला हाय का निस्तं नाव हाय?" आई म्हणाल्या. म. हसला. किती दिवसांनी.

२३ जाने, शुक्र.
सकाळी रक्त दिलं आणि म. तसाच कंपनीत गेला. रिपोर्ट संध्याकाळी. चारपासून त्याचे दोन फोन. "आला का?" नाही अजून. आईंनी दुपारीच भाजी घोटून ठेवली. विचारलं, फोडणी देऊ का? तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. आदी आकडा किती येतोय ते बघू." मग ओट्याशीच उभ्या, माझ्या मोबाइलकडे बघत. बसा म्हटलं तरी बसत नाहीत.
फोन वाजतोय, लॅबचाच नंबर दिसतोय. उठते.